माझ्याआधी माझा आवाज

४ ऑक्टोबर

एकदाची आले बाई! टेम्पोवाला सामान दारात टाकून पसार व्हायच्या बेतात होता, पण मी त्याला गोडीगुलाबीने बोलून सगळं वरपर्यंत चढवून घेतलं. कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते कपाट मीच मुद्दाम मोठं करून आणलंय.

घर छान आहे. वर मी, खाली घरमालकीणबाई. पुढे दोन उजेडाच्या खोल्या, आणि मागे ती बिनखिडकीची लहान खोली, जिच्यासाठी मी हे घर पसंत केलं. आधीचे भाडेकरू तिथे इस्त्री करायचे म्हणे. मी तिथे पुस्तकं वाचणार. माझं कामच ते. लोकांना आता पुस्तकं ऐकायला हवी असतात, आणि ती कुणीतरी मोठ्याने वाचून रेकॉर्ड करावी लागतात. जुन्या घरात खाली गाड्यांचे हॉर्न आणि शेजारी मिक्सर. आमच्या संपादकबाई शेवटी म्हणाल्या की तुमचा आवाज चांगला आहे, तुमच्या शेजाऱ्यांचा नाही. म्हणून हे गाव, हे घर.

घरमालकीणबाईंना ऐकायला फार कमी येतं. तुम्ही वर कितीही आरडाओरडा करा, मला काही त्रास नाही, असं त्यांनी मला मोठ्या कौतुकाने सांगितलं. आणखी काय हवं?

संध्याकाळी चिंगीला फोन केला. चिंगी म्हणजे माझी लेक. दोन मुलांची आई आहे, ऑफिसात हाताखाली माणसं आहेत, पण मला ती चिंगीच. पुढच्या खोलीत तुझ्यासाठी पलंग लावलाय म्हटलं. येते गं, म्हणाली. कधी ते बोलली नाही. तिलाही व्याप असतात.

६ ऑक्टोबर

आजचा अख्खा दिवस त्या डबीने खाल्ला. डबी म्हणजे संपादकबाईंनी घ्यायला लावलेलं आवाजाचं यंत्र. माइकची वायर त्यात घालायची, हेडफोन त्यातच लावायचा, आणि डबीची यूएसबीची वायर कॉम्प्युटरला जोडायची. जोडली की झालं, असं दुकानदार म्हणाला होता. त्याचं काय जातंय म्हणायला!

माझा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, घालून दिलंय. जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं, कुणाच्या मालकीचं नाही, म्हणून दादाचं त्याच्यावर भारी प्रेम. गेल्या वर्षी दादा गेला आणि त्याचं प्रेम मला निस्तरावं लागतंय. डबीवरचा हिरवा दिवा लागला, पण आवाज काही येईना. सेटिंग उघडून पाहिलं तर हा शहाणा आवाज पाठवतोय पडद्याच्या स्पीकरकडे, आणि माझ्या पडद्याला स्पीकरच नाही. यादीतून यूएसबी निवडलं. आवाज आला, जिवात जीव आला, एक प्रकरण वाचून काढलं. ऐकते तर पातेल्यात तोंड घालून बोलल्यासारखं. बाहेर जाणारा आवाज डबीतून, पण आत येणारा पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या फुटकळ माइकमधून! दोन्ही वेगवेगळं निवडायचं असतं, हे मला कोण सांगणार? कपाळावर हात मारला आणि कॅमेरा बंदच करून टाकला.

ते प्रकरण परत वाचावं लागेल. असो.

९ ऑक्टोबर

नवीन डोकेदुखी. मी बोलते ते हेडफोनमध्ये जरा उशिराने ऐकू येतं. पापणी लवेल एवढाच उशीर, पण आपलाच आवाज मागून वेडावत आला की जीभ अडखळते. लिनक्सवाल्यांच्या इंटरनेटवरच्या मंडळात प्रश्न टाकला. तिथे लोक एकमेकांना टोपणनावानेच ओळखतात. ‘घुबड’ नावाच्या एकाने लगेच उत्तर दिलं. बिचारा फार सभ्य, मला ताई म्हणतो. म्हणाला, आवाज थोडा थोडा साठवून मग पुढे ढकलला जातो, तो साठा लहान करा.

साठा लहान केला तर आवाज तडतडायला लागला. मग मी आपली सेटिंग धुंडाळत बसले. अगदी तळाशी एक चौकट सापडली. आवाज किती मागे-पुढे सरकवायचा तो आकडा तिथे लिहायचा. चित्र आणि आवाज जुळेनासे झाले की ती वापरतात. मी विचार केला, उशीर होतोय ना, मग उणे लिहावं. लिहिलं. आणि काय सांगू, आवाज अगदी ओठांबरोबर यायला लागला!

घुबडाला ऐटीत कळवलं. तो म्हणाला, ताई, त्याने असं होऊच शकत नाही. आहे तो आवाज थांबवता येतो, पण जो अजून निघालाच नाही तो आणणार कुठून? म्हटलं, माझ्याकडे तरी आणलाय बाबा, तुझं तू बघ.

१२ ऑक्टोबर

काम झपाट्याने चाललंय. जाडजूड कादंबरी आहे, तीन पिढ्यांची, घरात माणसंच माणसं. दिवसभर मीच सासू, मीच सून, मीच भांडते आणि मीच समजूत काढते. मग दार उघडून बाहेर येते तेव्हा घर एकदम गप्प असतं.

खाली जाऊन घरमालकीणबाईंशी बोलायचा प्रयत्न केला. मी पाऊस म्हटलं, त्यांनी पाव ऐकलं आणि दुकानाचा पत्ता दिला. दोघी हसलो. पण हसून झाल्यावर बोलायला काही उरलं नाही.

हे गेल्यापासून मला स्वयंपाक करताना बडबडायची सवय लागलीय. कुणाला तरी सांगते की मीठ संपत आलंय.

१५ ऑक्टोबर

आज वाचताना वाटलं की हेडफोनमधला आवाज माझ्या पुढे चाललाय. ‘तिने दार’ एवढं मी म्हणतेय आणि कानात ‘लोटलं’ येऊनही गेलं. दमले असेन. डोळे आधी वाचतात आणि जीभ मागून येते, त्यातला प्रकार असणार. लवकर आवरलं.

१६ ऑक्टोबर

दमण्याचा प्रश्न नाही. आज कानात शिंक ऐकू आली. माझीच, ती शेवटी ‘आई गं’ म्हणायची माझी खोड आहे ना, तिच्यासकट. मी शिंकले नव्हते. हसू आलं. हसत असतानाच नाक हुळहुळलं आणि मी शिंकले, आणि तोंडातून आलं ‘आई गं’.

मग हसू थांबलं.

त्या चौकटीत जाऊन शून्य लिहिलं. काही फरक नाही. डबी काढून परत लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चौकटीत शून्य आहे आणि आवाज पुढेच आहे, कालच्यापेक्षा जास्त.

१९ ऑक्टोबर

आता अख्खं वाक्य आधी येतं. घुबडाला सगळं लिहिलं. त्याने रेकॉर्डिंग मागितलं. पाठवायच्या आधी ऐकलं तर त्यात काहीच वावगं नाही. माझा आवाज, जिथल्या तिथे. म्हणजे हे फक्त हेडफोनमध्ये, आणि फक्त मला. घुबडाने अतिशय सांभाळून विचारलं की ताई, घरात तुमच्यासोबत कुणी आहे का.

ऐकलेलं बोलायचंच नाही, असं आज ठरवलं. कानात आलं, ‘अगं बाई, सांडलं सगळं!’ मी ओठ घट्ट मिटून, हात मांडीवर ठेवून बसून राहिले. जवळ सांडण्यासारखं काही नव्हतंच. मग दाराची घंटी वाजली, उघडलं तर घरमालकीणबाई दूध गरम करून घेऊन आल्या होत्या, त्यांच्या हातून पातेलं दारातच कलंडलं. बोलून झाल्यावर मला कळलं की मी बोलले.

त्या बिचाऱ्या माझीच माफी मागत होत्या.

२१ ऑक्टोबर

वायर काढून ठेवली होती. दोन दिवस कामाला सुट्टी. घर इतकं गप्प की फ्रिज थांबला तरी दचकायला होतं.

दुपारी परत जोडली. खरं सांगायचं तर कामासाठी नाही.

२३ ऑक्टोबर

लाज वाटते लिहायला, पण लिहिते. मला तो आवाज आवडायला लागलाय. चहा घेऊन त्या खोलीत बसते, हेडफोन लावते, आणि ऐकते. उद्याची मी आत वावरत असते. पुस्तक वाचते, मधेच स्वतःवर चिडते, खाकरते. कुणीतरी घरात असल्यासारखं वाटतं. आता ती माझ्या एक दिवसभर तरी पुढे आहे, आणि रोज आणखी पुढे जाते.

काल तिला फोनवर बोलताना ऐकलं. ‘बरं... बरं गं... नाही, तुझं काम आधी... मी मजेत आहे.’ माइकमध्ये फक्त मी, समोरचं काही नाही. आज दुपारी मी त्याच खोलीत होते आणि चिंगीचा फोन आला. तेच बोलले. ती सांगत होती की बढतीचं बघतायत, त्यामुळे सुट्टी मागता येत नाही. मला माझे शब्द आधीच माहीत होते, तरी ‘मजेत आहे’ म्हणताना मी पदराने डोळे पुसत होते. ते ऐकताना नव्हतं कळलं.

२५ ऑक्टोबर

चिंगी येणार!!

आज ऐकलं. माझाच आवाज, पण इतका आनंदात मी तो कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. ‘आलीस!’ असं ओरडलेच मी. मग हसू आणि रडू एकदमच. ‘ये, आत ये. किती वाळलीस गं! हात किती गार पडलेत तुझे...’

माइकपासून लांबून आल्यासारखा होता आवाज. म्हणजे मी दारात असणार आणि या खोलीचं दार उघडं. केव्हा ते नक्की कळत नाही, पण आठवड्याच्या आतच.

वेडी का खुळी मी, घाबरत काय होते! पलंगावर नवी चादर घातली. पुढच्या खोलीचे पडदे धुतले. चिंगीला मुद्दाम विचारलं नाही, तिला मला चकित करायचं असेल तर करू दे.

२६ ऑक्टोबर

आज हेडफोनमध्ये काहीच नाही. साहजिक आहे. लेक घरी आल्यावर मी कशाला त्या कोंदट खोलीत बसेन?

२७ ऑक्टोबर

आजही काही नाही. पान उलटल्याचा आवाज नाही, खोकला नाही. डबी बिघडली असेल म्हणून माइकसमोर टाळी वाजवली. पडद्यावरची रेघ नीट उसळली. सगळं चालू आहे.

चिंगी आल्यावर मी बोलणारच ना? दार उघडं असलं तर लांबून तरी ऐकू यायला हवं. मी काही गप्प बसणारी बाई नाही. आणि ही कादंबरी अर्धी राहिलीय, संपादकबाईंना शब्द दिलाय. ती मी केव्हा वाचणार?

‘हात किती गार पडलेत तुझे’. त्यानंतर काय होतं ते आठवतेय. श्वास ओढल्यासारखं काहीतरी. मग काहीच नाही. तेव्हा मी आनंदात होते, हेडफोन काढून टाकला होता.

२८ ऑक्टोबर

न राहवून चिंगीला विचारलंच. येतेयस ना? म्हणाली, आई, मी कधी म्हटलं असं? धाकट्याच्या परीक्षा आहेत, तुझे जावई दौऱ्यावर आहेत, या वर्षी तरी जमेलसं दिसत नाही. आवाजात त्रास होता तिच्या, मला दुखवल्याचा. मी म्हटलं, अगं सहज विचारलं.

मग दारात कोण येणार आहे?

२९ ऑक्टोबर

घुबडाला लिहिलं. त्याने या वेळी शंका काढली नाही. एवढंच म्हणाला, ताई, घरातून बाहेर पडा, आत्ताच्या आत्ता, आणि चार दिवस कुणाकडे तरी राहा.

कुणाकडे तरी. किती सहज म्हणाला.

पिशवी भरली. बसथांब्यावर जाऊन बसले. एक बस गेली, दुसरी गेली. दादाचं घर आता दुसऱ्यांचं आहे. मैत्रिणी मुलांकडे गेल्या. चिंगीला फोन लावला आणि म्हटलं, मी तुझ्याकडे येऊ का, थोडे दिवस? कारण काय सांगणार? माझाच आवाज मला आधी ऐकू येतो, हे? काही झालंय का, असं तिने विचारलं. मी नाही म्हटलं. सवयच ती. मग ती म्हणाली की आत्ता नको गं आई, घरात सगळा गोंधळ आहे, पुढच्या महिन्यात निवांत ये.

निवांत.

अंधार पडायच्या आत परत आले. दुसरीकडे जाणार कुठे? डबीची वायर उपटून डबी कचऱ्यात टाकून आले. आता ऐकायचंच नाही. ऐकलं नाही तर होणारही नाही —

पण ऐकून झालंय.

३० ऑक्टोबर

दाराला आतून कडी. दिवसभर कुणी नाही.

घरमालकीणबाई दुपारी बहिणीकडे गेल्या. दारातून हात हलवला त्यांनी. मी खिडकीतून हलवला.

३१ ऑक्टोबर

सकाळ. ऊन चांगलं पडलंय. एवढ्या उजेडात काही होत नाही, असं स्वतःला सांगतेय.

नंतर — जिन्यावर पावलं. टेम्पोवाल्याची नाहीत, हलकी आहेत. मधेच थांबतात. चिंगी लहानपणी अशीच थांबत थांबत चढायची.

दारावर टकटक.

आई, म्हणाली. आई, मी आलेय.

तिचाच आवाज. अगदी तिचाच —

चिंगीला फोन लावला. तिने उचलला. मागे ऑफिसातली माणसं बोलत होती. मीटिंगमध्ये आहे, नंतर करते म्हणाली. ती फोनवर हे म्हणत असताना बाहेरून परत — आई.

फोन ठेवला तिने.

मला कळतंय ती चिंगी नाही. नीट कळतंय. मी वेडी नाही. उघडणार नाही. जागेवर बसून हे लिहितेय, वही मांडीवर. तोंडावर पदर घट्ट दाबलाय. ‘आलीस’ हा शब्द ओठांशी आलाय.

बाहेरून विचारतेय, पलंग कुठे लावलास माझा.

म्हणतेय — तुझ्याशी कुणी बोलत नाही ना गं दिवसभर? मला माहितीय. मी ऐकत होते.

देवा.

रडतेय मी. भीतीने नाही — भीतीही आहे, पण असं मला आजवर विचारलं कुणी? इतक्या वर्षांत कुणी एकाने तरी —

किती दिवस आहेस, विचारलं मी. दाराआडूनच. बोलायचं नव्हतं. बोलले.

ती म्हणाली, दिवस कसले? राहायलाच आलेय.

चिंगी असं कधी म्हणणार नाही. कधीच नाही म्हणणार. हे मला कळतंय आणि तरी माझे पाय —

नुसती कडी. कडी काढून फटीतून बघते, साखळी लावलेलीच ठेव